चौकटीचा हप्ता

घर बांधायला काढलं की कंत्राटदाराचे पैसे चार हप्त्यांत द्यायचे, अशी आमच्याकडे रीत होती. पाया खणताना एक, चौकट उभी राहिली की दुसरा, आढं चढलं की तिसरा आणि कौलं बसली की उरलेले. यातला चौकटीचा हप्ता सर्वांत मोठा, आणि तो कुणी हातात देत नसे. समोरच्या दाराची चौकट जोत्यावर उभी करायची, तिला हळदकुंकू लावायचं, वरच्या पट्टीला सुपारी आणि नाण्याची पुरचुंडी बांधायची आणि पूजेच्या ताटात नोटा ठेवायच्या. कंत्राटदार चौकटीला हात जोडतो आणि ताटातून पैसे उचलतो. त्यानंतर पावती मागणं म्हणजे शुभ कामात संशय काढणं, असं लोक धरीत. मी पावती मागितली होती. त्यात गैर काही केलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. माझी चूक पावती मिळाल्यानंतर झाली.

माझे यजमान पलटणीत हवालदार होते. लढाई संपायला वर्षभर उरलं असताना ते इटलीत कामी आले. मी मराठी सहावीपर्यंत शिकलेली. आमच्या गावातले निम्मे पुरुष पलटणीत असल्यामुळे त्यांच्या बायकांना आलेली पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. माझी बातमी मीच वाचली. मला वाचून दाखवणारं दुसरं कोणी नव्हतं.

घरात थोरले दीर, जाऊबाई, त्यांची मुलं, मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी. जाऊबाईंना मी आक्का म्हणायची. बातमी आल्यावर मी तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या तीन महिन्यांत माझ्या मुलीची वेणी आक्कांनी घातली, तिला जेवू त्यांनीच घातलं, आणि मी उठले त्या दिवशी माझ्यासमोर जोंधळ्याचं सूप आणून ठेवलं, की निवडायला घे. पुढे जे झालं ते सांगण्याआधी हे सांगणं मला भाग आहे.

वर्षभराने लष्कराच्या कचेरीतून पैसे आले. थकलेला पगार आणि त्यांच्या मरणाबद्दलचे असे मिळून दीड हजारांच्या वर. थोरल्या दिरांचं मत पडलं की विहिरीवर तेलाचं इंजिन बसवावं, ऊस वाढवता येईल. मी म्हटलं, मला घर बांधायचं आहे. परड्यातला रस्त्याकडचा तुकडा यजमानांच्या वाट्याचा होता. कोरेगावहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता तिथून दहा पावलांवर. दोन खोल्या बांधायच्या, पुढच्या खोलीला रस्त्याकडे दार ठेवायचं आणि तिथं शिवणाचं मशीन टाकायचं, एवढा माझा बेत होता. मागच्या खोलीत, गोठ्याच्या भिंतीला लागून, मी आणि माझी मुलगी आयुष्यभर राहू शकलो असतो. कुणी हाकललं नसतं. पण दुसऱ्याच्या चुलीवर जेवणाऱ्या विधवेला तिच्या मुलीचं लग्न कुणाशी होणार हेही कुणी विचारत नाही. मला माझं दार पाहिजे होतं.

हे बोलणं दिरांशी समोरासमोर झालं नाही. थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी बोलत नसत. ते ओसरीवर बसत, मी स्वयंपाकघरात उभी राही, आणि दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर आक्का. मी बोललेलं त्यांना ऐकू जाई आणि त्यांचं मला. तरीही आक्कांनी ते पुन्हा सांगावं लागे. सारा गाव असाच बोलत असे, त्यामुळे आम्हाला ते विचित्र वाटत नव्हतं.

कंत्राटदार दिरांनीच आणला. सांगलीचा. लढाईत त्याने मिरजेकडे लष्करासाठी शेड आणि गोदामं बांधली होती. तेव्हा लोखंड, सिमेंट, रॉकेल सगळ्याला परवाना लागे, आणि परवाने कुठून काढायचे हे त्याला माहीत होतं. सागवान त्याच्या स्वतःच्या वखारीत होतं, कौलं मंगळुरी आणतो म्हणाला. गावचा गवंडी मातीत दगड रचून दोन खोल्या सहा महिन्यांत उभ्या करून देत होता. पण दिरांना वाटलं, भावाच्या नावाचं घर आहे, ते सांगलीच्या माणसाने बांधलेलं दिसलं पाहिजे. मीही हो म्हटलं. खाकी अर्धा कोट घातलेला आणि खिशात तीन पेनं लावलेला माणूस मलाही पटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

दिवाळीनंतर पाया खणला. माघात जोतं तयार झालं आणि चौकट आली. चौकट खरोखर चांगली होती. एकसंध सागवान, वरच्या पट्टीवर कमळ कोरलेलं.

पूजेला बसणार कोण, हा प्रश्न निघाला. चौकट जोडप्याने पुजायची असते. मी तिथं समोरही उभी राहू शकत नव्हते. मी आक्कांना म्हटलं, सुताराला करू दे पूजा, त्याचंच काम आहे ते. आक्का म्हणाल्या, "घरात मान्सं असताना सुतार कशाला? आमी बसतो. तुजंच हाय म्हनून बसतो."

त्या मनापासून बोलल्या होत्या.

पायाचा हप्ता देऊन उरलेले बाराशे रुपये मी पदराच्या गाठीत बांधून आणले होते. गाठ सोडून ते मी आक्कांच्या हातात दिले आणि जुन्या घराच्या भिंतीच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. आक्कांनी ते ताटात ठेवले, दिरांनी नारळ फोडला, कंत्राटदाराने हात जोडून नोटा उचलल्या. मी आक्कांकरवी निरोप पाठवला की पावती पाहिजे. दिरांच्या कपाळाला आठी पडलेली मला भिंतीआडूनही दिसली. कंत्राटदार हसला. म्हणाला, पाहिजे तर पाहिजे. एका घडीव दगडावर कागद ठेवून त्याने लिहिलं, तिकीट लावलं आणि सही केली. नाव काय घालू हे त्याने कुणाला विचारलं नाही. ज्याने चौकट पुजली त्याचं घर, हे त्याला ठाऊक होतं. कागद आक्कांच्या हातून माझ्याकडे आला.

मी तो वाचला. पैसे मिळाल्याचं लिहिलं होतं, आणि ते थोरल्या दिरांकडून मिळाल्याचं लिहिलं होतं.

मला लगेच कळलं. गावाची पत्रं वाचणारी बाई मी, चार ओळींचा कागद समजायला मला वेळ लागणार नव्हता. पण तिकडे बायका पानसुपारी घेत होत्या, सुताराला टॉवेल-टोपी देत होते, आक्कांनी हौसेने केलेल्या गुळाच्या पोळ्या वाटल्या जात होत्या. अशा वेळी भिंतीआडून विधवेने ओरडायचं की नाव चुकलंय, माझं घाला? मी कागदाची घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली. एका घरातलंच आहे, असं मी मनाशी म्हटलं. हे वाक्य त्यानंतर मी पुष्कळ वेळा ऐकलं. पहिल्यांदा ते मीच बोलले होते.

भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आल्या आणि चैत्रात काम थांबलं. आधी गवंडी दोन दिवस आले नाहीत, मग आठवडाभर, मग त्यांचा मुकादम येऊन थापी, ओळंबा, घमेली घेऊन गेला. आमची मजुरीपण त्याच्याकडे अडकलीय, म्हणाला. लढाई संपली, लष्कराचं बांधकाम बंद झालं, केलेल्या कामाची बिलं कचेरीत पडून राहिली. आमच्यासारख्यांचे हप्ते घेऊन कंत्राटदार आधीची देणी भागवत होता, आणि शेवटी तेही पुरलं नाही. पावसाच्या तोंडावर बातमी आली की त्याने सांगलीच्या कोर्टात नादारीचा, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असा, अर्ज केला आहे.

कोरेगावच्या वकिलाने सांगितलं की इथं दावा लावून उपयोग नाही. आपला मुलूख इंग्रजाचा, सांगली संस्थानात. जे काय मागायचं ते तिथं जाऊन मागा. दीर ऊस सोडून जायला तयार नव्हते. मी आक्कांना सांगितलं, मुलीला सांभाळा, आणि सकाळच्या गाडीने निघाले. मिरजेला गाडी बदलली आणि सांगलीला उतरले.

आधी त्याच्या घरी गेले. वखारीच्या दाराला लाखेचं सील होतं. घर शेजारीच. तो स्वतः मुंबईला बिलांच्या मागे गेला होता, किंवा तसं मला सांगण्यात आलं. बायकोने बसायला पाट दिला आणि चहा केला. घर कुणाच्या नावावर आहे, मी विचारलं. म्हणाली, माझ्या. लग्नात मिळालेल्या पैशाचं आहे. घराचं लाकूड नवं होतं आणि कौलं अजून काळी पडली नव्हती. लग्नाला तिच्या वीस वर्षं तरी झाली असावीत.

ती म्हणाली, "आमचंबी बुडालंच की, बाई."

मी चहा प्याले. त्या माणसाकडून मला जे काय वसूल करता आलं, ते तेवढंच.

नादार माणसाची चीजवस्तू ताब्यात घेऊन ती धनकोंना वाटून द्यायला कोर्टाने एक वकील नेमला होता. त्याला रिसीव्हर म्हणत. त्याच्या कचेरीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसली होती. बायका आम्ही दोघीच. दुसरी जतकडची, माझ्याहून वयाने मोठी, काळं इरकली नेसलेली, मेंढरं राखणाऱ्यांतली. तिने तीस मेंढरं विकून पैसे दिले होते. तिच्या घराची तर चौकटही आली नव्हती. बोलता बोलता तिने कनवटीची पावती काढून मला वाचायला दिली. खाली त्याच्या सहीशेजारी तिचा अंगठा होता आणि वर तिचंच नाव, बापाच्या नावासकट.

तिने विचारलं, "बराबर हाय न्हवं?"

मी म्हटलं, बरोबर आहे.

"मी त्येला बोललो, माजं नाव तोंडानं मनून दाव, मग अंगठा देतो. तीनदा मनून घेतलं." मग तिने माझा कागद मागितला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच सांगितलं की यावर माझ्या दिराचं नाव आहे. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला वाचता येतंय न्हवं, अव्वा?" एवढं विचारून ती तंबाखू मळायला लागली.

आत कारकुनाने यादी काढली. यादीत दिरांचं नाव होतं. माझं कुठेच नव्हतं. मी सगळी हकीकत सांगितली. कारकून माणूस वाईट नव्हता. म्हणाला, बाई, अशा गोष्टी रोज ऐकतो. दिरांकडून दोन ओळींचं पत्र आणा की पैसे तुमचे होते. मग नाव बदलून घेऊ. त्याशिवाय जे काय वाटलं जाईल ते त्यांच्या हातात पडेल.

मला वाटलं, एवढंच ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही नेहमीच्या जागी उभे राहिलो. दीर ओसरीवर, मी आत, आक्का उंबऱ्यावर. मी म्हटलं, "आक्का, त्यास्नी म्हनावं, दोन वळीचं पत्र पायजे. पैसं माजं व्हतं, एवढंच."

"ती म्हंतीय..."

"आयकलं," दीर म्हणाले. "तिला इचार, ताटात पैसं कुनी ठिवलं?"

आक्का त्यांच्याकडे वळल्या. "मीच ठिवलं की."

"मंग?"

"पर दिल्यालं तिनं व्हतं न्हवं मला."

"तू गप बस."

"गप बसू तर तिला सांगू कसं?"

एरवी मी हसले असते. आक्काही हसल्या असत्या. दिरांनी घसा साफ केला आणि पुढचं बोलणं भिंतीला उद्देशून केलं. पावतीवर त्यांचं नाव आहे. आता कोर्टात जाऊन पैसे आपले नव्हते असं लिहून दिलं, तर पहिल्यांदा खोटं नाव घातलं असा अर्थ होतो. चार माणसांत ते खोटे ठरतात. शिवाय धाकट्याचा पैसा म्हणजे घराचा पैसा. उद्या वाटणी होऊन मिळाला तर घरातच येणार आहे. "सांग तिला, मी काय पळून चाललोय?"

ते लबाड होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी माझ्या मुलीला कधी वाईट शब्द बोललेला नाही. पण पैसे त्यांच्या नावावर पडले होते आणि नावावर पडलेली वस्तू आपली वाटायला माणसाला फार दिवस लागत नाहीत. पुढच्या महिन्यात ते स्वतः सांगलीला गेले आणि धनको म्हणून अर्ज देऊन आले.

मग दोन पावसाळे गेले. सिमेंट जोत्यापुरतंच आलं होतं, भिंती मातीतच रचल्या होत्या; अशा उघड्या भिंतीला पाऊस काय करतो ते मी रोज मागच्या दारातून बघत होते. भिंतींच्या माथ्यावर मी उसाचं पाचट अंथरलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवले. मुलगी दगड आणून द्यायची. तरी एक कोपरा बसला. चौकट तेवढी उभी राहिली, कमळासकट, रस्त्याकडे तोंड करून. येणारे-जाणारे म्हणायचे, दार मातुर झ्याक हाय. भिंती नसलेल्या घराचं दार झकास असून काय करायचं, हे मी कुणाला विचारलं नाही. मशीन मी उधारीवर आणलं होतं. ते मागच्या खोलीत गोठ्याशेजारी ठेवलं होतं, आणि शेणाच्या वासात चोळ्या शिवून घ्यायला कोरेगावची बाई येत नव्हती. गावातल्या येत, पण त्या पैशाऐवजी वाटीभर डाळ देत.

स्वातंत्र्य आलं, नंतर संस्थानं गेली, सांगलीचं कोर्ट आणि आमचं कोर्ट एकाच सरकारचं झालं. त्या गडबडीतही रिसीव्हरचं काम चाललं असावं. मला त्यातलं काही कळवण्याचं कुणाला कारण नव्हतं. फाल्गुनात एक दिवस कोरेगाव स्टेशनवरून बैलगाडी आली आणि तिच्यावर गोणपाटात गुंडाळलेलं तेलाचं इंजिन होतं. तेव्हा मला समजलं की पैसे मिळाले.

रुपयाला पाच आणे मिळाले होते. बाराशेचे पावणेचारशे. त्यात दिरांनी उसाचे घातले आणि इंजिन आणलं.

मी विचारलं, आक्कांमार्फत. उत्तर आलं, तेही आक्कांमार्फत, पण या वेळी त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "म्हंत्यात, इंजान घराचंच हाय. त्येचं पानी तुज्या वाटच्या उसाला जात न्हाई व्हय?"

माझ्या वाट्याचा ऊस कोणता आणि त्याचे पैसे कुठे जातात हे मला कधी कुणी दाखवलेलं नव्हतं. पण तो दुसरा विषय.

त्या पाच आण्यांवर माझं घर पुरं होत नव्हतं. कौलांऐवजी पत्रे घातले, सागवानाऐवजी बाभळीचे वासे वापरले, तर मात्र पावणेचारशेत डोक्यावर छप्पर येत होतं. तिसरा पावसाळा त्या भिंतींनी काढला नसता, हे मला गवंड्याने सांगितलं होतं. म्हणजे माझ्याकडे दोन महिने होते. मी तीन-चार दिवस विचार केला. दिरांवर दावा लावायचा तर कागद त्यांच्या बाजूने. पंचांकडे जायचं तर पंच म्हणणार, घरातलंच आहे. ज्या पूजेमुळे मी या फेऱ्यात सापडले, तिच्याकडेच मी शेवटी वळले.

पुजलेली चौकट एकदा बसली की हलवत नाहीत. हलवलीच तर ज्या जोडप्याने ती पुजली त्यांच्या घरात काहीतरी अशुभ होतं, असं आमच्याकडे मानत. माझा त्यावर विश्वास नव्हता. आक्कांचा होता. आणि आक्कांच्या थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

मी कोरेगावहून सुतार बोलावला. गावचा आला नसता. सकाळी ऊन वर आल्यावर, रस्त्याला माणसं असताना, त्याला पहार घेऊन जोत्यावर उभा केला. त्याने वर बांधलेली पुरचुंडी पाहिली आणि विचारलं, पूजा कुणी केलीय? मी खरं ते सांगितलं. म्हणाला, "त्यास्नी इचारलं का?" मी म्हटलं, तुला एक रुपया जास्त देते. त्याने पहार चौकटीच्या पायाशी लावली आणि तिथंच रेंगाळत बसला.

कुणीतरी आत जाऊन सांगितलंच. आक्का धावत आल्या. हाताला पीठ होतं.

"काय करतीस गं?"

"छपराचं पत्रं घ्यायचं हायती. चौकट इकती. सागवान हाय, गिऱ्हाईक लागलंय."

"पुजल्याली हाय ती."

"पुजली तुमी. मला काय व्हनार? माजं व्हायाचं ते हून गेलंय."

हे वाक्य मी ठरवून आले होते. ते जितकं लागायला पाहिजे होतं तितकं लागलं. आक्कांचं तोंड असं झालं की मी सुताराकडे बघायला लागले.

"पोरीचं लगीन हाय गं महिन्यावर."

"ठावं हाय मला."

"मी बसले ती तुज्यासाटी बसले," त्या म्हणाल्या. "तुला बसाया येत नव्हतं म्हनून."

"मंग माजं पैसं मला द्या. चौकट जागची हालनार न्हाई."

त्या घरात गेल्या. ओसरीवर दीर नव्हते, मळ्यात इंजिन बसवत होते. ते घरी नसतील तीच वेळ मी निवडली होती. त्यांच्याशी बोलून काही निघालं नसतं. आक्का परत आल्या तेव्हा हाताचं पीठ तसंच होतं, आणि हातात पाटल्यांची जोडी होती. मनगटातून ओढून काढताना पीठ पाटल्यांनाही लागलं होतं. त्या पाटल्या लेकीच्या हातात घालायच्या होत्या, हे सगळ्या घराला माहीत होतं. त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या नाहीत. खाली जोत्यावर, चौकटीच्या आत, जिथं उंबरा बसायचा होता तिथं ठेवल्या.

"ह्या घे. पर ती हालवू नगंस."

मी खरंच चौकट उपटून काढली असती का, असं पुढे मला एक-दोघींनी विचारलं. काढली असती. आक्कांना ते दिसलं, म्हणूनच त्यांनी पाटल्या काढल्या.

मी त्या उचलल्या. सुताराला त्याची मजुरी आणि कबूल केलेला रुपया देऊन घालवलं. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जाऊन पाटल्या मोडल्या. पावणेचारशेपेक्षा बरेच जास्त आले. वरचे मी परत केले नाहीत. बाराशेतले राहिलेले कोण देणार होतं?

ज्याने मला बुडवलं तो सांगलीत बायकोच्या घरात राहत होता आणि कोर्टाने त्याला देण्यांतून मोकळं केलं होतं. ज्यांनी माझे पाच आणे घेतले त्यांचं इंजिन मळ्यात फटफट करत होतं. आणि वसुली मी केली ती ज्या बाईने माझ्या मुलीची वेणी घातली तिच्याकडून. दुसऱ्या कुणाकडून होण्यासारखी नव्हती. धाक दाखवला तर भिईल असं माणूस त्या घरात एकच होतं.

लग्नात नवरीच्या हातात पाटल्या नव्हत्या. पाहुण्यांत कुजबुज झाली. दिरांना तोवर कळलं होतं. लग्नानंतर चार दिवसांनी मी जोत्यावर गवंड्याला दगड दाखवत होते, तेव्हा ते रस्त्यावर थांबले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले.

"तुज्या जावंला तिच्या आईनं दिल्याल्या पाटल्या व्हत्या त्या."

मीही पदर न ओढता सरळ बोलले. "इंजान इका आन् आक्कास्नी नव्या करून द्या."

ते मळ्याकडे गेले. इंजिन विकलं गेलं नाही.

मृगाच्या आधी पत्रे चढले. घर ठेंगणं झालं, उन्हाळ्यात तापायचं, पण दार रस्त्याकडे होतं. मशीन पुढच्या खोलीत आलं, कोरेगावच्या बायका यायला लागल्या, दोन वर्षांत मशीनची उधारी फिटली. मुलगी सातवीची फायनल पास झाली आणि पुढे शिक्षिका झाली. चौकटीचं कमळ आता तेलपाण्याने काळं पडलं आहे. पुरचुंडी मी काढली नाही. पहिल्या साली तिच्यावर कोळ्याचं जाळं झालं तेवढं झाडलं.

आक्का त्यानंतर पंधरा वर्षं होत्या. शेजारीच, मध्ये फक्त परडं. आमचं भांडण असं कधी झालं नाही. ताटाला ताट झाकून त्या सणाचं पाठवायच्या, मीही पाठवायची. चोळ्या माझ्याकडेच शिवायला द्यायच्या आणि शिलाई रोख मोजून द्यायच्या. मी नको म्हटलं की पैसे पायरीवर ठेवून जायच्या. पण त्या चौकटीच्या आत त्यांनी एकदाही पाऊल टाकलं नाही. कापड घेऊन रस्त्यावर उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या. मी टेप घेऊन बाहेर जायची. दंडाचं माप घ्यायला त्या हात लांब करायच्या. मनगटावर काचेच्या चार बांगड्या असायच्या, आणि त्यांच्या मागे पाटल्यांची जागा, बाकीच्या हातापेक्षा थोडी उजळ. ती पुष्कळ वर्षं उजळच राहिली. मी माप घ्यायची, आकडा पाटीवर लिहायची आणि आत यायची.